घाई नसलेलं अंगण

डोंगराच्या पायथ्याशी कळकवाडी नावाची एक इवलीशी वाडी होती. तिच्या तीन बाजूंना वेळूची हिरवीगार बेटं होती आणि चौथ्या बाजूला चांदीच्या सरीसारखा चमचमणारा ओढा होता. वाडीतली माणसं वेळू चिरून सुपं विणायची, परड्या विणायची, तान्ह्या बाळांसाठी पाळणे विणायची. तिथली सकाळ उजाडायची तीच मुळी कोयत्यांच्या टकटकीनं.

एका वर्षी माघ महिन्यात डोंगरावरून वणवा उतरला. वाडीभोवतीची बेटं जळाली, सहा झोपड्या जळाल्या आणि हौसाचे आबा त्यांच्या जळत्या झोपडीत शिरले ते परत आलेच नाहीत.

हौसा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची धाकटी बहीण ठकू पाच वर्षांची. विणलेली सुपं वाचवायला आबा आत गेले, असं सगळे म्हणायचे. ठकू काहीच म्हणायची नाही. त्या दिवसापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. एरवी ही पोर उठल्यापासून झोपेपर्यंत चिवचिवायची, मुंग्यांशीसुद्धा बोलायची. आता झोपडीच्या जागी उभारलेल्या चटयांच्या आडोशात आई चूल पेटवायला बसली की ती चटईमागे जाऊन अंग चोरून बसायची आणि थरथर कापायची. म्हणून आईनं चूल पेटवणंच सोडलं. शेजारणीकडून भाजून आणलेली गार भाकरी तिघी खायच्या. ठकू तर त्यातलाही चतकोर तसाच ठेवायची. तिचं एक पांढरंशुभ्र करडू होतं, कापसाच्या बोंडासारखं. त्याच्यावर तिचा केवढा जीव. आता ते जवळ आलं की ती तोंड फिरवायची.

"पौर्णिमेला तुझा मामा येईल," आई एके दिवशी हौसाला हळूच म्हणाली. "ठकूला घेऊन जाईल. इथं राहिली तर ही पोर नुसती वाळून जाईल, हौसा."

"आणि तिथं बोलेल?"

"ते मला नाही माहीत," आई म्हणाली आणि पाट्यांसाठी वेळू चिरून कामट्या काढू लागली. तिची बोटं चालत होती, पण डोळे कामट्यांवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी हौसा ओढ्यापलीकडे वेळू तोडायला गेली. तिकडचं एक बेट तेवढं जळायचं राहिलं होतं. तिनं एक सरळ, पिवळसर वेळू निवडला, कोयता उगारला, आणि तिला वेळूच्या आतून बारीकसा आवाज आला. कुणीतरी हलकेच गुणगुणत होतं. पोटात भूक होती, सूर्य कलायच्या आत भारा बांधायचा होता. तरी हौसानं कोयता खाली ठेवला आणि वेळूला कान लावला.

गाणं संथ होतं. मध्येच थांबायचं, मग पुन्हा सुरू व्हायचं. हौसा ते संपेपर्यंत बसून राहिली.

गाणं संपलं तशी वेळूच्या पेरातून पोपटी उजेडाची एक तार बाहेर आली. तिची झाली इवलीशी परी. तिचे पंख चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत होते आणि त्यांवर निळे, जांभळे, सोनेरी ठिपके लुकलुकत होते. पायांत दवबिंदूंचे चिमुकले पैंजण होते.

"मी वेळूपरी," ती म्हणाली. तिचा आवाज पानांच्या सळसळीसारखा होता. "माझं गाणं कितीजणांच्या कानांवर पडलं असेल. शेवटपर्यंत ऐकलंस ते तू. तुला तीन गोष्टी मागता येतील, बाळ."

हौसानं क्षणभरही विचार केला नाही. "आबांना परत आण."

परीचे पंख मिटले. "गेलेलं माणूस आणणं माझ्या हाती नाही. असतं, तर मी तुझ्या मागण्याची वाट पाहिली नसती."

"मग ठकूला बोलतं कर."

"दुसऱ्याच्या मनात शिरून मला काही ओढून काढता येत नाही. त्या दाराची कडी आतून असते."

"मग तू कसली परी?" हौसा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

परी रागावली नाही. ती हौसाच्या समोर, वाळलेल्या पानांवर बसली आणि गप्प राहिली. हौसा रडली, मग तिनं नाक पुसलं, मग पुन्हा रडली. परी तशीच बसून होती. असं आपल्यासमोर कुणी नुसतं बसून राहिलं, याला किती दिवस झाले, हे हौसाला त्या वेळी जाणवलं. वाडीत प्रत्येकाला ठकूकडून काहीतरी हवं होतं. कुणी म्हणायचं, बोल गं. कुणी म्हणायचं, खा गं. कुणी म्हणायचं, विसर आता.

"मला एक जागा दे," हौसा शेवटी म्हणाली. "जिथं कुणालाच घाई नसेल."

परीनं पंख हलवले. वेळूच्या बेटामागे, जिथं आत्तापर्यंत नुसती काटेरी झुडपं होती, तिथं एक गोल अंगण झालं. भोवती पळसाची झाडं, डोक्यावर केशरी लाल फुलांचं छत, मध्ये एक गुळगुळीत काळा दगड. आत पाऊल टाकलं की वारासुद्धा हळू चालायचा.

"पण या अंगणाचे नियम आहेत हं," परी म्हणाली. "रोज ठकूला घेऊन यायचं. दगडावर ऊन आलं की खेळ सुरू, ऊन उतरलं की घरी. एक दिवसही चुकवायचा नाही, कारण ती वाट बघेल. खेळ तिचा असेल. तिनं बोलावलं तर तू खेळायचंस, नाहीतर जवळ बसायचंस. कुणी कुणाला लागेल असं करायचं नाही. इथलं काही ठकूच्या मर्जीशिवाय बाहेर सांगायचं नाही. आणि तिला काही विचारायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. नियम मोडलास तर अंगण रुसेल."

पहिले तीन दिवस ठकू दगडाला पाठ टेकून बसली आणि तिनं काहीच केलं नाही. हौसाही बसली. गप्प बसणं इतकं कठीण असतं हे तिला ठाऊक नव्हतं. भारा बांधायचा राहिलाय, आई वाट बघत असेल, असं सारखं मनात यायचं. चौथ्या दिवशी ठकूनं ओल्या मातीत बोट खुपसलं आणि एक रेघ ओढली. दुसरी ओढली नाही.

त्या संध्याकाळी हौसानं परीला दुसरी गोष्ट मागितली. "तिला हवं ते करता येईल असं काहीतरी दे."

सकाळी अंगणात मऊ मऊ मातीचे ढीग होते. एक हळदीसारखा पिवळा, एक गेरूसारखा तांबूस, एक मोराच्या मानेसारखा निळा. शेजारी लव्हाळ्याच्या काड्या होत्या, शिंपले होते, रंगीत पिसं होती. ठकू कितीतरी वेळ त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मग तिनं पिवळी माती घेतली, चार भिंती केल्या, काड्यांचं छप्पर केलं. एक मातीचा माणूस केला. त्याला छोटंसं पागोटंही केलं. माणूस तिनं दारात उभा केला, आत सरकवला आणि घरावर मूठभर पळसाच्या पाकळ्या टाकल्या, लालभडक.

हौसानं पटकन हात घालून माणसाला बाहेर काढलं. ठकूनं तो तिच्या हातातून हिसकावला आणि पुन्हा आत ठेवला. डोळ्यांत राग होता. कितीतरी दिवसांनी त्या डोळ्यांत काहीतरी आलं होतं.

रोज तोच खेळ. घर, माणूस, पाकळ्या. रोज हौसाला वाटायचं, आज तरी त्याला बाहेर काढावं. पण ती हात मागे घ्यायची आणि बघायची, अगदी शेवटच्या पाकळीपर्यंत. कधी ठकूच्या हातून पाकळ्या सांडल्या तर ती वेचून द्यायची, तेवढंच.

पौर्णिमा चार दिवसांवर आली. त्या दिवशी हौसाला राहवलं नाही. "ठकू, सांग ना गं. काय झालं होतं? सांगितलंस तर मामाकडे जावं लागणार नाही तुला."

बोलता बोलताच डोक्यावरची फुलं राखेसारखी करडी झाली. निळी माती, पिवळी माती, सगळी एकाच रंगाची झाली. ठकूनं मातीचा माणूस पदराखाली लपवावा तसा परकराखाली लपवला आणि ती पाठ करून बसली.

दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली. हौसाला परीला हाक मारावीशी वाटली, पण मागायचं तरी काय? तिसरी गोष्ट तिनं नव्या झोपडीसाठी राखून ठेवली होती. शेवटी ती ठकूच्या पाठीशी जाऊन बसली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मला घाई झाली. तू जाशील याची भीती वाटते मला, म्हणून विचारलं. तू नको सांगूस. मी इथं बसते."

बराच वेळ काही झालं नाही. मग एक फूल टपकन ठकूच्या मांडीवर पडलं, आणि ते केशरी होतं. ठकूनं ते उचललं. तिनं पुन्हा घर बांधायला घेतलं. आज तिनं मातीचं आणखी काहीतरी केलं. चार बारके पाय, दोन लोंबते कान. ते तिनं घराच्या आत ठेवलं. माणसाला बाहेर उभं केलं. मग एक इटुकली बाहुली केली, माणसाच्या पुढ्यात ठेवली, आणि त्या बाहुलीच्या वतीनं, घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात म्हणाली,

"आबा, माझं करडू आत राहिलं."

माणूस आत गेला. ठकूनं करडाला मागच्या भिंतीतून बाहेर आणलं. माणसाला आणलं नाही.

"मी म्हटलं म्हणून गेले," ती म्हणाली. "मी बोलले म्हणून."

एक क्षण, एकच क्षण, हौसाला ठकूचा राग आला. एवढ्याशा करडासाठी! मग तिला ते सगळे दिवस आठवले, चटईमागचे, गार भाकरीचे, आणि या चिमुरडीनं हे सगळं एकटीनं पोटात ठेवलं होतं. राग आला तसा ओसरला. खाली जे उरलं ते हौसाचं स्वतःचं होतं. तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी विहिरीपाशी होते," ती सावकाश म्हणाली. "आबा आत जाताना मला दिसले. मी ओरडले, आबा, जाऊ नका. दोनदा ओरडले. मला वाटायचं, मी आणखी मोठ्यानं ओरडायला हवं होतं."

ठकू तिच्याकडे बघत राहिली. "थांबले नाहीत?"

"नाही. माझ्या शब्दानं ते थांबले नाहीत, ठकू. आणि तुझ्या शब्दानं ते गेले नाहीत. आत कुणीतरी जिवंत आहे म्हटल्यावर आबा गेलेच असते. ते तसेच होते."

ठकूनं मातीच्या माणसाला घरातून बाहेर घेतलं, ओंजळीत धरलं आणि ती रडू लागली. मोठ्यानं, गळा मोकळा करून. हौसाही रडली. दगडावरचं ऊन त्या दिवशी जरा जास्त वेळ रेंगाळलं.

ते उतरायला लागलं तेव्हा पोपटी उजेडात वेळूपरी आली. "तुझी एक गोष्ट राहिली आहे, हौसा."

हौसानं झोपडीचा विचार केला, गळक्या चटयांचा, आईच्या सोललेल्या बोटांचा. मग ती म्हणाली, "ती ठकूला मागू दे. तिला कुणी विचारलंच नाहीये, तिला काय हवं ते."

परी ठकूपुढे गुडघे टेकून बसली. ठकूनं पुष्कळ विचार केला.

"मला गरम भात हवाय," ती म्हणाली.

परी हसली. तिच्या पंखांवरचे सगळे ठिपके एकदम लुकलुकले. "तो मी नाही द्यायचा, राणी. तो आईच्या हातचाच खावा. मग ही मागणी उरली, आणि उरलेल्या मागणीचं काय करायचं ते मी ठरवते." तिनं हौसाच्या कपाळावर हात ठेवला. "तुला किती घाई होती ते मला माहीत आहे. तरी तू बसलीस."

आणि ती उजळू लागली. आधी पोपटी, मग सोनेरी, मग इतकी लख्ख पांढरी की दोघींनी डोळे मिटले. उजेड अंगणाबाहेर सांडला, ओढा ओलांडून गेला, काळ्याठिक्कर जळक्या बेटांपर्यंत पोचला. डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. जळक्या खुंटांच्या बुडाशी मात्र शेकडो कोंब वर आले होते, कोवळे, टोकदार, हिरवेगार. साऱ्या वाडीला पुढची कितीतरी वर्षं पुरेल इतका वेळू त्यांच्यात होता.

ठकू वाटेवर बोलत होती. तिच्या टाचेत काटा रुतला होता म्हणे. लाल मुंग्या काळ्या मुंग्यांशी बोलत नाहीत म्हणे. निळी माती चाटली तर खारट लागते, आणि ओढ्यातल्या एका माशाला शेपूटच नाही. हौसा ऐकत होती. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

आई दारात सूप विणत बसली होती. तिला पायवाटेवरून ठकूचा आवाज येतोय असं वाटलं आणि तिची बोटं थबकली. ती उठली, काहीतरी विचारायला तिनं तोंड उघडलं.

हौसानं लांबूनच ओठांवर बोट ठेवलं.

आईनं सूप खाली ठेवलं आणि पुन्हा दारात बसून ती ऐकत राहिली.