निळी, चंदेरी आणि लाल

रोल धुवायचे दिवस संपले, त्यानंतरची ही गोष्ट. चौगुल्यांच्या फोटो स्टुडिओत एक निळी हार्ड डिस्क होती. फिरून फिरून ती थकली होती, पण गावातली सगळी लग्नं तिच्या पोटात सुखरूप होती.

खंडेनवमीला चौगुल्यांनी नव्या कंपनीची चंदेरी डिस्क आणली. कॅमेऱ्याशेजारी मांडून तिला हळदीकुंकू वाहिलं. "ही कंपनी कधी दगा देत नाही," म्हणत त्यांनी सगळी लग्नं तिच्यात हलवली आणि निळीचं पोट पुसून कोरं करून तिला खणात टाकलं.

"आजी, तुमच्या कंपनीचा मालच हलका," चंदेरी म्हणाली.

"माझ्या आधीची काळी गेली, तेव्हा मीही हेच म्हणाले होते गं," निळी म्हणाली. "कधी ना कधी आपण सगळ्याच जाणार. दोघींकडे ठेवायला हवं होतं त्यांनी. पण आपलं ऐकतंय कोण?"

दिवाळीआधीच चंदेरी उडाली, आणि तिच्यासोबत सगळी लग्नंही. त्याच आठवड्यात शेवंताबाई आल्या. नवरा वारला होता. लेकीच्या लग्नातला त्याचा हसरा फोटो त्यांना हवा होता.

"ती कंपनीच भिकार निघाली, वहिनी," चौगुले मान खाली घालून म्हणाले. "आता लाल आणतो."

खणातली निळी सगळं ऐकत होती. ती अजून धड होती. पोटात मात्र काहीच नव्हतं.