पंखवाल्या वीराचा खडक

मूर्ती बोलत असत त्या काळी एका रंगाऱ्याच्या मेजावर मातीचा, बोटभर उंचीचा पंखवाला वीर रंगून तयार झाला. आता त्याला बैठकीवर, म्हणजे छोट्या खडकावर किंवा सपाट जमिनीच्या तुकड्यावर, चिकटवायचे होते.

"मला सगळ्यांत उंच खडक हवा!" वीर ओरडला.

"बाळा, सपाट जमीन बरी," झिजलेला कुंचला म्हणाला.

"गप रे, टकल्या!"

रंगाऱ्याने त्याला उंच खडकावर चिकटवले. थोड्या वेळाने पायाखालून आवाज आला, "आलास, भाऊ?"

वीराने दचकून खाली पाहिले. राखाडी रंगाखाली नाक होते, ओठ होते!

"अरे देवा! तू कोण?"

"गेल्या वर्षीचा, हातभर उंचीचा वीर. मीही उंच खडकच मागितला होता. तिथून कलंडून फुटलो, आणि माझ्या डोक्याचा हा खडक झाला."

"मला खाली उतरवा!" वीर किंचाळला.

पण गोंद वाळला होता.