पेपर काढायचं कारण

विभागप्रमुख झाल्यावर पहिल्याच बैठकीत डॉ. शिरीष आजगावकरांनी आधुनिक तत्त्वज्ञानाचा पेपर अभ्यासक्रमातून काढायचा ठराव मांडला. तो पेपर मालतीबाई खांडेपारकर शिकवत. शिरीषही एकेकाळी त्यांचेच विद्यार्थी.

"बुद्धीच्या जोरावर सगळ्यांना पटेल असं सत्य सापडतं, ही आधुनिकांची भाबडी समजूत," ते म्हणाले. "उत्तर-आधुनिकांनी ती केव्हाच मोडीत काढली. बाईंना हे आता झेपायचं नाही."

सहकारी हसले. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा पेपर खुशाल काढ. फक्त का काढायचा, ते या सगळ्यांना पटवून दे."

"सोपं आहे. कारण..." एवढं बोलून शिरीष थबकले.

"बोल ना. सगळ्यांना पटेल असं कारण द्यायचं, एवढंच तर आम्ही शिकवतो. आम्हाला खोडायलाही तुम्हाला तेच लागतं."

आता कुणी हसलं नाही. शिरीषचे कान तापले. हरल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही; जिने वाद घालायला शिकवलं, तिचंच आपण चारचौघांत हसं केलं, याची लाज वाटली.

"ठराव मागे घेतो," ते मान खाली घालून म्हणाले. "पहिल्या सत्रात बाईंचा पेपर ठेवा, दुसऱ्यात माझा उत्तर-आधुनिकांचा. त्यांचा झाल्याशिवाय माझा कुणाला कळायचा नाही."