दोर धरणाऱ्याची शिळा

फार मागं, किती मागं ते विचारू नका, कारण तेव्हा वर्षं मोजायला कुणाला सवड नव्हती, एका उंच कड्याच्या पायथ्याला एक गाव होतं. कड्याला आग्या मोहोळं लागत. एकेक मोहोळ बैलगाडीच्या चाकाएवढं. गाव त्या मधावर जगत होतं.

गावात दोन सख्खे भाऊ राहत. थोरला आणि धाकटा. गाव त्यांना ह्याच नावांनी ओळखायचं, आपणही तेवढ्यावरच भागवू.

मध काढायची तिथली रीत अशी. धाकट्यानं कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली सुटायचं आणि थोरल्यानं वर बसून दोर धरायचा. दोर झाडाला बांधला तर माणूस एका जागी लटकून राहतो. त्याला वर-खाली करायला माणूसच लागतो, आणि तो सख्खा भाऊच लागतो. दुसऱ्याला माश्या चावल्या तर तो दोर सोडून पळेल. भाऊ सोडणार नाही. गावाचा हिशेब एवढा सरळ होता.

खाली सुटणाऱ्यानं तोंडावर घोंगडं घ्यायचं आणि वर अजिबात बघायचं नाही. वर धरणाऱ्याजवळ तिसऱ्या कुणी जायचं नाही, माणसाच्या वासानं माश्या उठतात. बोलायचं नाही. दोराला एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे ओढ.

तीस वर्षं हे असंच चाललं. मध घेऊन धाकटा पायथ्याला उतरला की गाव हलगी वाजवायचं. त्याच्या डोक्याला पटका बांधायचं. बायका ओवाळायच्या. थोरला मागं कड्यावर दोर गुंडाळत बसलेला असायचा. त्याच्याकडं कोण बघतो? तुम्हीही बघितलं नसतं, उगाच मान हलवू नका.

धाकट्याचा मात्र दादावर फार जीव. दादा म्हणेल ती पूर्व दिशा. दादा जेवल्याशिवाय हा ताटावर बसायचा नाही.

एका वर्षी थोरल्याला खोकला लागला. औषधं झाली, पाला झाला, देवऋषी झाला. खोकला काही हटला नाही. अंगावरचं मांस उतरत गेलं. तरी मधाचे दिवस आले तसा तो दोर खांद्यावर टाकून कडा चढला.

त्या खेपेला दोर नीट चालेना. मधेच थांबायचा, मधेच थरथरायचा. तीन हिसके दिले तरी किती वेळ ओढ यायची नाही. धाकटा वर आला तो तणतणतच आला.

"दादा, हातात जीव आहे का नाही? मी खाली मरायचा राहिलो!"

थोरला म्हणाला, "चुकलं बाबा." आणि दोर गुंडाळायला लागला.

पावसाळा संपता संपता थोरला गेला. धाकटा आठ दिवस अन्नाला शिवला नाही.

आता त्या गावाची आणखी एक रीत. माणूस गेला की पुढच्या मधाच्या दिवसांआधी त्याची शिळा उभी करायची. शिळेवर तो त्याचं काम करताना कोरायचा. नांगर धरणारा नांगर धरून, दळणारी जात्यावर. काम जसं करायचा तसंच कोरायचं, खोटं कोरलं तर ती शिळा त्याची नाही. आणि ज्याची शिळा नाही त्याचं नाव गावात कुणी घ्यायचं नाही, घरातल्या पोराला ठेवायचं नाही. माणूस पुसला गेला.

धाकटा पाथरवटाकडं गेला. पाथरवट म्हातारा होता आणि तिरसट होता.

"पुरुषभर उंच शिळा कर," धाकटा म्हणाला. "दादाला शोभेल अशी."

"करतो की. दोर कसा धरायचा तो? उजवा हात वर की डावा?"

धाकट्यानं उजवा हात उचलून बघितला, मग डावा.

"उभा राहायचा की टेकून? पाय कुठं रोवायचा?"

धाकटा आपल्याच पायांकडं बघायला लागला.

"अरे, तीस वर्षं त्याच्या दोराला लोंबकळलास ना तू?"

"मी खाली असायचो," धाकटा म्हणाला. "वर बघायचं नसतं."

"मग मी काय तुझं तोंड बघून कोरू? जा, कुणी पाहिलंय त्याला विचारून ये."

पण पाहिलं होतं कुणी? सगळं गाव पायथ्याशी हलगी तापवत बसलेलं असायचं. धाकटा वहिनीकडं गेला.

वहिनी म्हणाली, "मी कशी बघणार भावजी? तिकडं जायची बंदी. एवढंच सांगते, शेवटच्या खेपेला कड्यावरून आले तेव्हा त्यांच्या कमरेला वळ होता. बोटभर खोल, काळानिळा. विचारलं तर म्हणाले, उष्णता झालीय. मी रोज लोणी लावायची. जाईपर्यंत बुजला नाही तो."

धाकट्याला त्याचा अर्थ लागेना. दुसऱ्या दिवशी तो पाथरवटाला घेऊन कडा चढला. मोहोळं अजून लागली नव्हती, त्यामुळं जायला हरकत नव्हती. धाकटा त्या जागेवरून शेकडो वेळा खाली सुटला होता, पण घोंगड्यात तोंड घालून. वर येऊन तो घोंगडं काढीपर्यंत थोरला उठून दोर गुंडाळायला लागलेला असायचा, त्यामुळं थोरल्याची जागा त्यानं कधी निरखली नव्हती.

कड्यापासून चार पावलांवर काळ्या खडकात दोन खड्डे होते. भाकरीच्या पिठाची वाटी बसेल एवढे खोल, आतून गुळगुळीत.

पाथरवट खाली बसला. त्यानं खड्ड्यात बोट फिरवलं. मग पूर्ण हात फिरवला. त्याचा आवाज बदलला.

"हे छिन्नीचं काम नव्हे."

"मग?"

"टाचा. माणसाच्या टाचा ह्या. अरे, हा खडक फोडताना माझ्या दोन छिन्न्या बोथट होतात! तुला पेलता पेलता त्यानं तो टाचांनी झिजवलाय."

धाकटा खड्ड्यांजवळ वाकला. तो खड्ड्यांकडं नुसता बघत राहिला. डोंगर बघावा तसा.

पाथरवट पुढं सरकला. तिथं आणखी दोन खड्डे होते, ओबडधोबड, कडा अजून बोचणाऱ्या. "हे मात्र ठोकून केलेत. गेल्या सालचेच. आणि कड्याच्या इतक्या जवळ टाचा रोवायच्या म्हणजे बसूनच. उभं राहायची ताकद नव्हती त्याला."

तो स्वतः तिथं बसून बघायला लागला. टाचा रोवल्या, हात पुढं केले. "हातातही बळ नसणार. खोकल्यानं माणूस पिंजून निघतो. मग एवढा दोर पेलला कशावर?"

धाकट्यानं आपल्या कमरेला हात लावला. 

"कमरेवर," तो म्हणाला. "वहिनीनं वळ पाहिला. दोराचं टोक त्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं होतं."

 खाली दरीत घारी फिरत होत्या.

"मी पडलो असतो तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर तोही आला असता तुझ्यामागं. दुसरं काय?"

"मी त्याला शिवी दिल्यासारखं बोललो. हातात जीव आहे का, म्हणालो."

"हातात नव्हताच," पाथरवट म्हणाला.

खाली उतरल्यावर पाथरवटानं विचारलं, "उभा कोरू ना? पुरुषभर उंच म्हणाला होतास."

"बसलेला कोर. हाडं दिसू देत. दोर कमरेला दाखव. आणि खाली मला कोर, लोंबकळणारा, तोंडावर घोंगडं घेतलेला."

शिळा उभी राहिली तेव्हा गाव कुजबुजलं. बसलेला माणूस कसला शूर, म्हणाले. तेव्हा धाकट्यानं सगळ्यांदेखत सगळं सांगितलं, स्वतःचं बोलणंही सोडलं नाही. मग साऱ्या गावाला चार-चार करून कड्यावर नेलं. ज्यानं त्यानं त्या खड्ड्यांत आपली टाच ठेवून बघितली. वर जाताना बडबडत गेलेली माणसं मुकाट खाली आली. एका बाईनं तर खड्ड्याला हात लावून कपाळाला लावला.

त्या सालापासून गावानं रीत बदलली. ज्याला कड्यावरून सुटायचं, त्यानं आधी एक पूर्ण साल दोर धरायचा. टाचा सोलून निघाल्या, खांदे भरून आले की मगच त्याला खाली सोडायचं. आणि त्या साली वहिनीच्या लेकीला मुलगा झाला, त्याला थोरल्याचं नाव ठेवलं.

धाकटा त्यानंतर कधी खाली सुटला नाही. ज्यांना भाऊ नाही अशांसाठी तो म्हातारा होईपर्यंत दोर धरत बसला, थोरल्यानं झिजवलेल्या त्याच दोन खड्ड्यांत टाचा रोवून. ते खड्डे त्याला थोडे मोठेच होत होते.

बोध एवढाच : ज्याच्या जिवावर आपण निर्धास्त लोंबकळतो, त्याच्याकडं तो जिवंत असताना मान वर करून बघावं.