पारोशी माय

ऐका पारोशे माये, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराच्या वेशीजवळ एका भडभुंज्याचं घर होतं. घरात लाह्यांच्या राशी, चुरमुऱ्यांची पोती, फुटाण्यांच्या टोपल्या. आणि माणसं किती? सासू भागाई, तिचा लेक, त्याची बायको राही, आणि राहीची दीड वर्षाची साळू. लेक पोती घेऊन गावोगावच्या बाजारांना जाई, आठ-आठ दिवस परतत नसे. मागं भट्टी बायकाच सांभाळीत.

भागाईचा एक नेम होता. पारोशानं, म्हणजे आंघोळीआधी, घरात काही तोंडात घालायचं नाही. आधी अंगण सारवायचं, मग विहिरीचं पाणी आणायचं, मग आंघोळ, मग देवपूजा, मग भट्टीचा पहिला घाणा, आणि मग घास. नेम मोडला तर भट्टीवरची लक्ष्मी उठून जाईल, असं ती म्हणे. मोकळीक होती ती फक्त साळूला. लेकरू म्हणजे देव, देवाला कसलं सोवळं.

पुढं काय झालं? राहीला पुन्हा दिवस गेले. पहिल्या खेपेला काही जाणवलं नव्हतं, ह्या खेपेला मात्र गर्भानं आपला इंगा दाखवला. सकाळी पाय भुईला लागला की घर गरगर फिरे. भट्टीत वाळू तापली की वास नाकात शिरे, आणि पोटात काही नसताना ओकारी येई. आधी पाणी पडे, मग पित्त पडे, मग नुसते कोरडे उमाळे.

इकडे साळूला नुकतेच पाय फुटलेले. आई परसात ओकायला वाकली की पोर निसटलीच म्हणून समजा. पहिल्या दिवशी तिनं चण्यांचं सूप उपडं केलं. दुसऱ्या दिवशी भट्टीतलं जळतं लाकूड ओढलं. तिसऱ्या दिवशी ती विहिरीच्या काठावर ओणवी होऊन आत बघत होती. राहीनं झग्याला धरून तिला मागं ओढलं, छातीशी घट्ट धरलं, आणि तिथंच पुन्हा ओकली.

मग राही सासूकडे गेली. म्हणाली, उठल्या उठल्या चार लाह्या पोटात गेल्या तर मला उभं राहवेल, पोरीमागं धावता येईल. भागाई म्हणाली, "आम्हांला काय पोरं झाली नाहीत?" ह्या प्रश्नाचं उत्तर आजवर कुठल्या सुनेला सापडलंय? राही सारवायला वळली. लाह्यांच्या राशीत बाई उपाशी.

मग एक दिवस झुंजुमुंजू झालं, तो दारात एक म्हातारी उभी. केस विस्कटलेले, डोळ्यांत चिपडं, खांद्यावर कुणा लेकरानं टाकलेल्या दुधाचा डाग. म्हणाली, बाई, मूठभर लाह्या घाल. भागाईनं विचारलं, आंघोळ झाली का? म्हातारी म्हणाली, आजवर सवडच झाली नाही. भागाईनं तिला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी म्हातारी पुन्हा आली, पुन्हा वाटेला लागली. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. पण तिसऱ्या दिवशी राही परसात वाकली होती, साळूनं मूठभर लाह्या उचलल्या आणि ती म्हातारीच्या मागं चालू लागली.

राहीनं मान वर केली, तो साळू नाही. भट्टीपाशी बघितलं, नाही. पोत्यांमागं बघितलं, नाही. विहिरीवर जाऊन आत वाकून बघितलं, पाणी हलत नव्हतं. वेशीबाहेर ती धावत सुटली, ठेचकाळली, उठली, पुन्हा धावली. मागून भागाई धापा टाकीत आली.

वेशीबाहेर बोरीखाली म्हातारी बसली होती. मांडीवर साळू. साळू एक लाही आपल्या तोंडात घाली, एक म्हातारीच्या. राही जवळ गेली आणि तिचे पाय जागीच थिजले. म्हातारीच्या मांडीला शेवट दिसेना. साळूच्या पलीकडे लेकरू, त्याच्या पलीकडे लेकरू, रांगणारं, निजलेलं, अजून न जन्मलेलं. भोवती झाडं दंवानं चिंब, नदी धुक्यात, सूर्य अजून वर यायचा होता. सगळी सृष्टीच पारोशी होती, आणि तिच्या मधोमध ही माय. राहीच्या अंगावर काटा आला. तिनं हात जोडले.

म्हातारीनं साळूला सांगितलं, आईला भरव. साळूनं चिमटीत लाही धरून पुढं केली. राहीनं सवयीनं तोंड मागं घेतलं. म्हणाली, मी पारोशी आहे.

"तू न्हाशील गं," म्हातारी म्हणाली. "पोटातलं ते कुठल्या विहिरीवर न्हायला जाईल? नऊ महिने ते पारोसंच असतं, आणि भूक त्याला लागते. त्याला उपाशी ठेवून तुम्ही कुणाची पूजा करता?"

राहीनं तोंड उघडलं, साळूनं लाही आत घातली. लाही पोटात राहिली.

भागाईनं म्हातारीचे पाय धरले. म्हणाली, माये, चुकले. वसा सांग, सुनेकडून करून घेते. माय म्हणाली, "वसा तिला नाही, तुला आहे. जिला दिवस गेले तिनं काही करायचं नाही, तिच्या घरच्यांनी करायचं. पहाटे पारोशानंच उठावं. तिच्या उशाशी मूठभर लाह्या ठेवाव्यात, वर मिठाचा खडा. तिचे पाय भुईला लागायच्या आत चार लाह्या तिच्या पोटात जाव्यात. थोरलं लेकरू आपण कडेवर घ्यावं, आई सावरेपर्यंत खाली सोडू नये. आणि आम्हांला पोरं झाली नाहीत का, असं म्हणू नये." भागाई म्हणाली, उतणार नाही, मातणार नाही, ह्या घरात आई उपाशी उठणार नाही. तिनं मान वर केली, तो बोरीखाली माय नाही, एकटी साळू. माय बसली होती तिथल्या गवतावरचं दंव मोडलेलं नव्हतं, आणि साळूचे पायही कोरडे होते.

भागाईनं वसा घेतला. पहिल्या दिवशी लाह्या ठेवल्या, राहीला ओकारी आली. दुसऱ्या दिवशी ठेवल्या, निम्म्या पोटात राहिल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या राहिल्या. मळमळ काही एकदम गेली नाही, पण दिवस निघू लागला. तिसऱ्या दिवशी राही उशाला टेकून बसली होती, भागाई साळूला कडेवर घेऊन दारात उभी होती. बाहेर तोंड करूनच ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याआधी मला एक लेक होती. मीही अशीच परसात वाकले होते. मान वर केली, तो ती नव्हती." राही उठली, भिंतीला धरत गेली आणि सासूच्या पाठीला टेकून उभी राहिली. दोघी रडल्या. साळू दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली.

नऊ महिने भरले, राही सुखरूप बाळंत झाली. लेक झाली. भागाईनं नगरभर चुरमुरे वाटले, आणि भट्टीवरची लक्ष्मी कुठं उठून गेली नाही.

जशी पारोशी माय राहीच्या मागं उभी राहिली, तशी तुमच्या आमच्या मागं उभी राहो. पोटातलं पोटात तगो, कडेवरचं कडेवर राहो, आणि आईला कुणीतरी विचारो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं सुफळ झाली, ऐकणारींच्या ओटीत संपूर्ण पडली.