काठी संपते तिथवर

“आणि शेवटचं शून्य आलंच नाही, तर?”

“येणारच, बाई! प्रत्येक नावाच्या शेवटी शून्य असतंच. ते दिसलं की माझं फंक्शन वाचायचं थांबतं.”

ओजस ठासून बोलला. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभारा. तिथल्या मेमरीतून प्रोग्रामचं नाव वाचून आणणारं फंक्शन त्यानं जिवाचं रान करून लिहिलं होतं. उद्या ते इस्पितळातल्या मशीनवर चढायचं होतं. गाभाऱ्यात भलतीकडे पाऊल पडलं, तर अख्खं मशीन ठप्प! आणि त्या मशीनवर माणसांचे श्वास मोजले जात होते.

म्हणून केळुसकर बाईंचा होकार हवा होता. बाईंची हयात असल्या कामात गेली होती. आता त्या गावी भातशेती बघत होत्या. होकार घेतल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं गड्यानं ठरवूनच टाकलं होतं.

बाई उठल्या.

“चल.”

शेताच्या बांधात कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ होतं.

“कुर्ली आहे का, सांग.”

ओजसनं बाही सरसावून हात पुढं केला.

“अरे उतावळ्या, आत फुरसं असलं तर? विषारी साप तो!” बाईंनी कुंपणाची काठी मोडून दिली.

काठी आत गेली… आणखी गेली… कुठं टेकेचना. मूठ बिळाच्या तोंडाशी आली.

“आता थोडंच राहिलं असेल,” म्हणत त्यानं मूठही आत रेटली.

फाटकन मनगटावर चापट बसली.

“थोडंच? तुला कुणी सांगितलं?”

“बीळ कुठंतरी संपणारच की, बाई!”

“काठी संपली, की बीळ संपलं.”

ओजसनं मूठ मागं घेतली. आपल्या फंक्शनला काठीच नव्हती, शून्य शोधत आत आत जाणारा नुसता हात होता.

तिथंच बांधावर त्यानं लॅपटॉप उघडला. किती अक्षरं वाचायची, त्याची हद्द घातली. मेमरीतला पत्ताच खोटा निघाला तर मुकाट्यानं मागं फिरायचं, तेही लिहिलं. चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. उन्हं कलली तरी पठ्ठ्या उठला नाही.

बाईंनी ओळ न् ओळ वाचली.

“हं. आता चढव मशीनवर.”

ओजसचा जीव भांड्यात पडला. चार पावलं जाऊन तो पुन्हा वळला.

“पण बाई, नाव हद्दीपेक्षा लांब निघालं, तर अर्धंच हाती येईल. मग लोकांना सांगायचं काय?”

बाईंनी ती काठी उचलून त्याच्या हातात दिली.

“जिथवर चिखल लागलाय ना… तेवढंच बोल. पुढचं ठाऊक नाही, म्हण.”