आधी चारा, मग चौकशी

फार फार जुन्या काळची ही हकिकत. एका राज्यात सलग दोन वर्षं पाऊस पडला नाही. कुरणं करपली, तळी आटली. तेव्हा राजाने दवंडी पिटवली, "ज्यांची जनावरं आणि मासे संकटात आहेत, त्यांना राजकोठारातून चारा आणि राजतलावातून पाणी मिळेल."

ठकूबाई नावाची म्हातारी गवळण दिवाणाच्या कचेरीत गेली. तिच्या चार म्हशींपैकी एक उठेनाशी झाली होती. सोबत कान्हू भोई होता. त्याच्या तळ्यात गुडघाभरच पाणी होतं. मासे वर येऊन तोंड वासत होते.

दिवाणाने विचारलं, "जनावरं किती मेली? मासे किती मेले? पाटलाचा दाखला आणा."

"अजून सगळी जिवंत आहेत, दिवाणजी," ठकूबाई म्हणाली.

"मग नुकसान कुठे झालं? नुकसान नाही, तर मदत नाही."

दोघं थेट राजाकडे गेली. ठकूबाईने हात जोडले. "महाराज, आठ दिवस थांबले तर दाखला आपोआप मिळेल. पण मग चारा कोणाला घालू?"

राजाने घोडा मागवला आणि दिवाणालाही सोबत घेतलं. ठकूबाईच्या गोठ्यात चार माणसं पोटाखाली बांबू घालून म्हैस उभी करत होती. तिचे पाय थरथरले आणि ती पुन्हा खाली बसली. राजाने तिच्या कपाळावर हात ठेवला.

"गाड्या आजच सोडा," तो म्हणाला. "तलावाचा दरवाजाही उघडा."

"पण महाराज, खोटं बोलून नेणारेही येतील!"

"येतील. त्यांना नंतर पकडू, दिवाणजी. मेलेली म्हैस नंतर उठवता येणार नाही."

संध्याकाळी कडब्याच्या गाड्या गावात आल्या. पाटाचं पाणी कान्हूच्या तळ्यात शिरलं आणि बघता बघता मासे खोल गेले. कान्हू काठावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

तिसऱ्या दिवशी म्हैस आपल्या पायांवर उभी राहिली. ठकूबाईने तिच्या गळ्याला मिठी मारली.

पुढे चौकशी झाली. साऱ्या राज्यात खोटं बोलून मदत नेणारे लबाड निघाले दोनच जण. त्यांना वर्षभर राजाच्या कुरणात गवत कापायला लावलं. दिवाण मात्र तेव्हापासून दाखला मागण्याआधी गोठ्यात डोकावू लागला.

तात्पर्य : जीव जाण्याआधी पोहोचते, तीच खरी मदत.